डावरा होता

डावरा नावाचा कोणी खेळाडू कधी नव्हताच, तो आम्हा कामगारांच्या कल्पनेतून जन्मला, असे विधान गेल्या हिवाळ्यात आकुर्डीच्या एका सभागृहात, हारतुरे स्वीकारून झाल्यावर, एका निवृत्त अधिकाऱ्याने केले. समोरच्या निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो आणि मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी काय केले ते क्रमाने येईलच. आधी एवढे नोंदवतो की त्या माणसाचे वाईट व्हावे अशी इच्छा मी बरीच वर्षे, नेमाने, सकाळच्या चहाबरोबर करत आलो आहे, आणि या वयात ती सवय मोडण्याचे मला काही कारण दिसत नाही. मी कोणाचे नाव घेणार नाही. त्यात सभ्यतेचा भाग नाही. ज्याने स्वतःला ओळखायचे तो पहिल्या परिच्छेदातच ओळखून बसला असेल.

बेसबॉल आमच्या चाकणच्या पट्ट्यात कसा आला, याबद्दलही त्या सभेत पुष्कळ असत्य सांगितले गेले. व्यवस्थापनाने कामगारांच्या आरोग्याचा विचार करून तो आणला म्हणे. वस्तुस्थिती अशी की शेजारच्या कारखान्यात मशिनरी बसवायला आलेले जपानी इंजिनिअर परत जाताना एक पोते मागे टाकून गेले. त्यात बॅटी होत्या, चामड्याचे भलेमोठे हातमोजे होते आणि लाल शिवणीचे कडक चेंडू होते. स्टोअरकीपरने ते पोते भंगारात काढले. भंगाराच्या गाडीत चढलेले ते पोते आम्ही टूलरूमच्या चार जणांनी, ड्रायव्हरला तंबाखू देऊन, पुन्हा खाली उतरवून घेतले. आरोग्याचा विचार झाला तो एवढाच.

खेळायला जागा मिळाली महाळुंग्यात. तिथे एक कारखाना यायचा होता आणि आला नाही. मागे राहिले वाकलेले कुंपण, पायासाठी ओतलेले दोन-चार काँक्रीटचे ठोकळे आणि डोक्यावरून जाणाऱ्या, सतत घुमणाऱ्या विजेच्या तारा. पळणाऱ्याने एकेक करून गाठायचे टप्पे म्हणजे बेस; एक ठोकळा आमचा दुसरा बेस झाला. तिसरा बेस कुंपणालगत, रस्त्याच्या कडेला, जिथे शिफ्टच्या बस थांबत तिथे आला. उजव्या अंगाला गावातल्या म्हशी बसलेल्या असत. त्या हलत नसत. त्यामुळे म्हशीखाली गेलेला चेंडू काढायचा नाही आणि पळणाऱ्याने एकच बेस घ्यायचा, असे ठरले.

हे ठरवले पंचांनी. पंच म्हणजे गावातले एक म्हातारे गृहस्थ. तो भूखंड त्यांच्याच शेतातून निघालेला होता, आणि म्हशी तिथेच आणायच्या ही त्यांची सवय जमिनीच्या व्यवहाराने सुटलेली नव्हती. बेसबॉल त्यांना ठाऊक नव्हता. आम्हालाही पुरता नव्हता. पण पाहता पाहता पट्ट्यातल्या कंपन्यांचे संघ होऊन लीग सुरू झाली होती, आणि पंच कोणत्याच कंपनीचे नव्हते, म्हणून सगळ्या कंपन्यांना ते चालत. गडी बाद झाला की ते ‘ग्येला’ म्हणत, आणि वाचला की ‘हाय’. याहून मोठा निकाल त्यांनी कधी दिला नाही आणि तो कोणी कधी मोडला नाही. एकदा मोडला. त्याचीच ही हकीकत आहे.

आमच्या लीगचे सगळ्यात विचित्र कलम हेल्मेटचे. बॅटिंगसाठी खेळाचे हेल्मेट कोणाकडे नव्हते, म्हणून आम्ही कारखान्याचेच डोक्यावर ठेवून खेळत असू. कंत्राटी माणसाचे पिवळे, कायम कामगाराचे निळे, साहेबाचे पांढरे. सामने दुसऱ्या शिफ्टच्या आधी चालत आणि बस कोणासाठी थांबत नसे. पहिल्याच महिन्यात आमचा एक वेल्डर दुसऱ्या बेसवर उभा असताना बसचा हॉर्न वाजला.

“बाबा, माझी बस आली,” तो तिथूनच ओरडला.

“मंग जा की,” पंच म्हणाले.

“मला आउट धरणार का?”

“आउट कशापायी? टोपी ठिव तिथं. टोपी हाय तवर तू हायेस.”

त्या दिवसापासून हेल्मेट बेसवर ठेवून, दुसऱ्या कोणाचे मागून घेऊन, माणूस कामावर जाऊ लागला. पुढच्याने फटका मारला की संघातला कोणी तरी ते हेल्मेट उचलून पुढच्या बेसकडे धावे. चेंडू हेल्मेटाला लागला तर हेल्मेट बाद. हेल्मेट घरी, म्हणजे जिथून बॅटिंग होते त्या शेवटच्या बेसवर, पोहोचले तर ज्याचे हेल्मेट त्याचा रन. माणूस इकडे वेल्डिंग करत असे आणि तिकडे महाळुंग्यात त्याचा रन होत असे. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये लोक स्वतःची चौकशी करत.

“माझं काय झालं रे काल?”

“ग्येलास भावा. तिसऱ्या बेसवर. तू इथं चहा पीत असशील तेव्हा.”

“च्यायला. मी चांगला पळत होतो का?”

“झकास. आयुष्यात एवढा पळाला नसशील.”

एक गोष्ट पंचांनी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट केली होती. बेसवर टोपी आहे म्हणजे माणूस आहे. तो कुठे गेला, कशाला गेला, कोण आहे, हे विचारायचे नाही. हे कलम मी पुन्हा सांगणार नाही. ते वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

आता डावरा. तो मराठवाड्यातून आलेला, कंत्राटदारामार्फत आमच्याच कारखान्याच्या पेंटशॉपमध्ये लागलेला. हलत्या साखळीच्या आकड्यांवर सुटे भाग टांगण्याचे त्याचे काम. त्याला जपान्यांनी शिकवले, ही एक आवृत्ती फिरते. ती सपशेल खोटी आहे. जपानी गेले तेव्हा हा गावी होता. एके दिवशी आमचा चेंडू कुंपणाबाहेर गेला आणि बसची वाट पाहत उभ्या असलेल्या या पोराने तो डाव्या हाताने परत फेकला. मी घरच्या बेसवर, बॅटवाल्याच्या मागे, कॅचरच्या जागी बसलो होतो. चेंडू एकही टप्पा न घेता माझ्या हातमोज्यात आला आणि माझा तळहात संध्याकाळपर्यंत झिणझिणत राहिला. मी त्याला विचारले, हे कुठे शिकलास. तो म्हणाला, ज्वारी राखायला गोफण फिरवायचो, पाखरं माझ्या डाव्या बाजूनं येत नव्हती. मी त्याला त्याच दिवशी संघात घेतले. कर्णधार मी होतो. तो मला काका म्हणू लागला.

लीग कायम कामगारांपुरती आहे, असा एक कागदी नियम होता. तो सगळ्यांना ठाऊक होता आणि सगळे तो मोडत होते. विरोधी संघाचा कर्णधार, म्हणजे आज ज्यांना हारतुरे मिळतात ते गृहस्थ, शेजारच्या कारखान्यात पर्सोनेलचे अधिकारी होते. त्यांनी पूर्ण मोसमभर डावऱ्याला पिवळ्या हेल्मेटात खेळताना पाहिले, त्याच्या फटक्यांवर ‘वा’ म्हटले, एकदा त्याच्या पाठीवर थापही मारली. ती थाप मी पाहिली आहे. पुढे ते म्हणणार होते की तो नव्हताच. मग त्या दिवशी त्यांचा हात कोणाच्या पाठीवर पडला, हे त्यांनी कधी सांगितलेले नाही.

डावऱ्याच्या फटक्यांविषयी जे सांगितले जाते त्यातला खोटा भाग मीच खोडून काढतो, कारण खऱ्याला खोट्याच्या टेकूची गरज नाही. त्याचा चेंडू तारांवर आदळून सगळ्या चाकणची वीज गेली, हे खोटे. वीज त्या काळी तशीही जात असे. तो धावत बसच्या पुढे निघून गेला, हेही खोटे. बस वळणावर अडकली होती. पण चेंडू ट्रेलरमध्ये पडला, हे खरे. नव्या गाड्या वाहून नेणारा लांबलचक ट्रेलर रस्त्याने चालला होता आणि डावऱ्याचा चेंडू कुंपणावरून त्यात जाऊन पडला. ट्रेलर गुजरातला गेला. पुढच्या आठवड्यात ड्रायव्हर चेंडू घेऊन परत आला, कारण गाडीवर पोचा आला म्हणून त्याला बोलणी बसली होती आणि चेंडू मारणाऱ्याला पाहायची त्याला इच्छा होती. विरोधी संघाच्या एकाने ड्रायव्हरच्या हातून तो चेंडू वरच्या वर झेलला आणि कॅच म्हणून अपील केले. पंचांनी बराच विचार केला. चेंडू अजून जमिनीला टेकला नव्हता, हे ड्रायव्हरनेही कबूल केले. शेवटी पंचांनी विचारले, “गाडीत टेकला न्हाई का?” ड्रायव्हर म्हणाला, “गाडी म्हंजे जमीन थोडीच?” पंच म्हणाले, “माझी जमीन ग्येली तवा मला बी असंच, ‘ही जमीन थोडीच’ म्हून सांगितलं व्हतं. हाय. रन धरा.” लोक सांगतात की डावऱ्याला बाद दिले. नाही दिले. मी तिथे उभा होतो.

त्या गृहस्थांचाही एक रन प्रसिद्ध आहे आणि तोही मी नाकारत नाही. उपांत्य सामन्यात ते दुसऱ्या बेसवर असताना त्यांना मॅनेजरने मीटिंगला बोलावले. ते पांढरे हेल्मेट बेसवर ठेवून गेले. त्यांच्या माणसाने ते घरी आणले आणि त्या एका रनाने त्यांचा संघ अंतिम सामन्यात आला. एसीत बसून, बिस्कीट खात रन काढला, ही गोष्ट त्यांनी पुढे इतक्या ठिकाणी सांगितली की ऐकणाऱ्यांना बिस्किटाची चवसुद्धा पाठ झाली.

अंतिम सामना आमच्यात आणि त्यांच्यात. शेवटच्या डावात धावा बरोबरीत. डावऱ्याने चेंडू काँक्रीटच्या ठोकळ्यावरून मारला आणि धावत तिसरा बेस गाठला. तेवढ्यात बस आली. त्याने पिवळे हेल्मेट तिसऱ्या बेसवर ठेवले. उघड्या डोक्याने गेटमधून आत सोडत नसत, म्हणून मी माझे निळे हेल्मेट काढून त्याला दिले आणि तो बसमध्ये चढला. पुढच्याने साधाच फटका मारला. पिवळे हेल्मेट घेऊन मी स्वतः घरी आलो. पंच म्हणाले, “हाय.” आम्ही जिंकलो होतो.

ते गृहस्थ शांतपणे माझ्याकडे आले आणि म्हणाले, “पिवळं हेल्मेट लीगमध्ये बसत नाही.”

मी म्हणालो, “मोसमभर बसलं.”

“आज बसत नाही.”

“पंचांना विचारा.”

“त्यांना काय विचारायचं? त्यांना खेळ कळतो का?”

पंच तिथेच होते. म्हशी उठवून ते घरी गेले आणि नंतर एकाही सामन्याला आले नाहीत. काही वर्षांनी ते वारले. त्या वाक्याचाही हिशेब माझ्याकडे आहे.

कंपन्यांची एक संयुक्त क्रीडा समिती होती. तिचे अध्यक्ष तेच. समितीने रन रद्द केला आणि कप त्यांच्या संघाला दिला. तो कप मी लेथवर, अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून, जेवणाच्या सुट्ट्या घालवून घडवलेला होता. तरीही मी गिळले असते. पण पिवळे हेल्मेट घरी आलेले पट्ट्यातल्या सगळ्यांनी पाहिले होते; रन पुसायचा तर आधी माणूस पुसायला हवा होता. दोन्ही कारखान्यांना माणसे पुरवणारा कंत्राटदार एकच होता. एक फोन झाला. कंत्राटी माणूस कायम कामगाराचे हेल्मेट घालून गेटमधून जातो, ही फसवणूक आहे, असे कारण निघाले. दुसऱ्या दिवशी डावरा गेटवर आला तेव्हा त्याचा पास चालला नाही. त्या आठवड्यात तो खोली सोडून गेला.

इथे मला एक आवृत्ती ठेचायची आहे. काही जण म्हणतात, निळे हेल्मेट मी दिले म्हणून त्याची नोकरी गेली. हे म्हणणारे त्या काळात तिथे नव्हते, किंवा होते आणि आता त्याच गृहस्थांच्या संस्थेत सल्लागार आहेत. हेल्मेटांची अदलाबदल रोज होत असे. सुपरवायझर पाहत, वॉचमन पाहत. त्यापायी पट्ट्यात आधी कोणाची नोकरी गेली नाही आणि नंतरही नाही. मी हेल्मेट दिले, आणि आज तशी वेळ आली तर आजही देईन.

पुढे माझे निवृत्त होणे, पुनावळ्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला येणे, यात कोणाला रस असण्याचे कारण नाही. डावऱ्याची मात्र दंतकथा झाली. बसमध्ये, टपरीवर, ज्यांनी त्याला पाहिले नव्हते तेही त्याचे फटके हातवारे करून दाखवू लागले. ते गृहस्थ निवृत्तीनंतर माणसे पुरवण्याच्याच धंद्यात उतरले आणि मोठे झाले. पण ते जिथे जात तिथे कोणी ना कोणी त्यांना विचारत असे, साहेब, तो डावऱ्याचा रन खरंच रद्द केला होता का? हे मला लोक येऊन सांगत, आणि मला रात्री चांगली झोप लागे.

म्हणूनच त्यांनी हे नवे हत्यार काढले. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या सत्काराचे ठरले आणि त्याआधी आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांचा लेख आला. शैली गोड. कष्टकऱ्यांना एक नायक हवा होता, म्हणून त्यांनी तो निर्माण केला. तिसऱ्या बेसवरचे पिवळे हेल्मेट कोणा थट्टेखोराने ठेवले होते. त्या हेल्मेटाचा माणूसच नव्हता. हेच ते सभेत बोलणार होते. खाली अंगठे, फुले आणि जोडलेले हात यांची रांग लागली होती.

डावरा कुठे राहतो ते मला ठाऊक होते. ते इतर कोणालाही ठाऊक नव्हते आणि इथेही मी लिहिणार नाही. मी बसने गेलो. तो आता अंगाने भरला आहे, कानाजवळ पांढरा झाला आहे. दारात बसून लसूण सोलत होता, डाव्या हाताने.

“काका, तुम्ही अजून त्यातच हाव का?” माझे बोलणे ऐकून तो म्हणाला.

“तू विसरलास?”

“इसरायला काय झालं? मीच तर पळालो.”

“तो भर सभेत सांगणार आहे की तू नव्हतास.”

“मग नव्हतो म्हणा. काय बिघडायलंय?”

“माझं बिघडतंय.”

“ते दिसायलंय.” तो हसला. मग लसणाची परडी बाजूला ठेवून आवाज खाली आणला. “माझं बिघडू देऊ नका, एवढंच.”

त्याच्या घरातले एक माणूस त्या गृहस्थांच्या संस्थेत नोकरीला होते. कोण, कोणत्या कामावर, हे मी त्याच्यासमोर शब्द देऊन आलो आहे की उच्चारणार नाही. नुकतीच ती नोकरी पक्की झाली होती. घर त्या पगारावर उभे होते.

“हे डावऱ्याचं घर हाय असं त्यांच्या कानावर गेलं, तर एका फोनचं काम हाय. तुम्हाला ठावंच हाय की,” तो म्हणाला. “मी हाय म्हणून सांगा, मी नको म्हणत नाही. मलाबी बरंच वाटंल. पण कुठं हाय, कोण हाय, ते सांगायचं नाही. आणि मी येत नसतो.”

“मग मी सिद्ध कसं करू?”

“ते तुम्ही बघा. कॅप्टन तुम्ही होताव.”

पुनावळ्यापर्यंत मी त्याच्यावरही चिडलेला होतो. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला मी विनाकारण सरकायला सांगितले. पण शब्द दिला होता. माझ्याजवळ साक्षीदार होता आणि तो मला वापरता येत नव्हता. समोरच्याजवळ माइक होता.

सभेला गर्दी होती. व्यासपीठावर एका टेबलावर त्यांची मानचिन्हे मांडलेली, त्यात माझा कप. पहिल्या रांगेत त्यांची नातवंडे. भाषणात त्यांनी आधी एसीतल्या रनाची गोष्ट सांगितली, बिस्किटासकट. मग गोड आवाजात डावऱ्याला नसलेला ठरवले. टाळ्या थांबल्यावर मी उभा राहिलो.

“साहेब, एक शंका आहे.”

“अरे, या या. आमचे जुने कॅचर. बोला ना.”

“तुम्ही मीटिंगला गेलात तेव्हा दुसऱ्या बेसवर कोण होतं?”

“माझं हेल्मेट. सांगितलं की आत्ता.”

“आणि रन कोणाचा धरला?”

“माझा.”

“तुम्ही तर तिथे नव्हतात.”

लोक हसले. तेही हसले. “अहो, तोच तर नियम होता आपला.”

“तो सगळ्यांना सांगा ना. नव्या मंडळींना ठाऊक नसेल.”

त्यांना सांगायला आवडते. त्यांनी माइक हातात घेतला आणि नातवंडांकडे पाहत नियम सांगितला. बेसवर हेल्मेट आहे म्हणजे माणूस आहे. तो कुठे गेला, कशाला गेला, कोण आहे, कोणीही विचारायचे नाही.

“कोणीही नाही?” मी विचारले.

“कोणीही नाही. पंचांचा दंडकच होता तसा.”

“मग अंतिम सामन्यात पिवळं हेल्मेट घरी आलं तेव्हा तुम्ही का विचारलंत?”

हसू एकदम थांबले नाही. मागच्या रांगांकडून पुढे विरत आले.

“तो प्रकार वेगळा होता,” ते म्हणाले. “त्या हेल्मेटाचा माणूसच नव्हता.”

“तुमच्या हेल्मेटाचाही नव्हता. तो एसीत बिस्कीट खात होता.”

“अहो, पण मी आहे ना इथं, तुमच्यासमोर.”

“आज आहात. त्या दिवशी महाळुंग्यात नव्हतात. आणि तुम्ही कुठे आहात असं आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.”

मागून आमचा जुना वेल्डर बोलला. त्याचा आवाज वयानेही खाली आलेला नाही. “साहेब, दोन्ही रन धरा, नाहीतर दोन्ही सोडा.”

“सोडा राव,” आणखी कोणी तरी म्हणाले. “साहेबांचाच सोडा. मग ते अंतिम सामन्यात आलेच नाहीत, तो सामनाच वाचला आपला. तेव्हा माझी बायको माहेरी होती, त्या सामन्यापायी मी उगाच ताप सांगून रजा टाकली होती.”

आता सगळे सभागृह हसत होते आणि ते माझ्याकडे पाहत होते. मला त्यांचा हिशेब चेहऱ्यावर दिसत होता. डावऱ्याचा रन नाकारायचा तर बिस्किटाचा रनही जातो, आणि तो रन सत्काराच्या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापलेला, नातवंडांना तोंडपाठ. माणसाला नसलेला ठरवणे त्यांना जमले होते. स्वतःला तसे ठरवणे जमेना.

“बरं, धरा,” ते शेवटी म्हणाले. “धरा तो रन. खेळीमेळीत घ्या सगळं.”

“मग कप द्या.”

“आत्ता?”

“आत्ताच.”

त्यांनी आयोजकाकडे पाहिले, आयोजकाने जमिनीकडे. मी व्यासपीठाच्या पायऱ्या चढलो, माझ्या हाताने घडवलेला कप माझ्या हाताने उचलला आणि खाली आलो. कोणी तरी ओरडून विचारले, “अहो, पण मग डावरा आहे कुठं?”

“नियम साहेबांनी आत्ताच सांगितलाय,” मी म्हणालो.

इतक्यावर माझे समाधान व्हायला हवे होते, असे मुलगा म्हणतो. ते झाले असते. पण महिनाभरातच त्या गृहस्थांची नवी आवृत्ती बाहेर पडली. डावरा होता, आता ते सांगतात, आणि त्याला प्रथम हेरले त्यांनीच. कुंपणाबाहेरून आलेला तो चेंडू म्हणे त्यांच्या हातात आला. पट्ट्यातल्या विस्मृत खेळाडूचा जाहीर सत्कार करण्याचे त्यांनी योजले आहे, शाल तयार आहे, फक्त खेळाडू सापडत नाही. चाकणपासून महाळुंग्यापर्यंत त्यांची माणसे चौकशी करत फिरतात. एक तर पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या दारात आला. पेढे बरे होते. पत्ता मी दिला नाही.

तरी न्यायाला धरून मी डावऱ्याकडे गेलो आणि त्याला सांगितले की आता भीतीचे कारण उरलेले नाही. तो मनुष्य तुझे पाय धरायला निघाला आहे, यायचे तर ये. कपही नेला होता. त्याने कप हातात फिरवून पाहिला, बुडाशी लेथची रेघ राहिली होती तिच्यावर अंगठा फिरवला आणि परत दिला.

“तुमच्याकडंच असू द्या. इथं कोणी इचारलं तर काय सांगू?”

“सत्काराचं काय?”

“परवा आले होते ते.”

“कोण?”

“तेच की. गाडीची काच खाली केली आणि मलाच रस्ता इचारला. म्हणले, इकडं एक डावरा राहतो का, जुना खेळाडू.”

“मग?”

“मी म्हणलं, असंल बगा पुढच्या वस्तीत. हात करून दाखवला. गेले.”

“कोणत्या हाताने दाखवलास?”

त्याने डावा हात वर केला.

ही हकीकत मी त्याच्याकडून पुन्हा एकदा सांगून घेतली, आणि अजूनही फोन केला की सांगून घेतो. ते गृहस्थ अजून शोधत आहेत. त्यांचे गुडघे गेले आहेत, गाडीतून उतरताना दोन माणसे लागतात, साखर वाढलेली आहे, असे कळते. ते विचारत राहतील आणि मी सांगणार नाही. मला कोणताही आजार नाही. मी रोज पुनावळ्याच्या चढावर चालून येतो, आणि मला घाई नाही.